गालिचे झोडायचा दांडा

ग्युमरीत, आमच्या चार इमारतींच्या मधल्या चौकात
गालिचे झोडायचा एक लोखंडी दांडा आहे.
सकाळी बायका त्यावर हिवाळ्याची धूळ काढतात,
संध्याकाळी पोरं त्यालाच लोंबकळून
मोठमोठ्याने आकडे मोजतात.
दुपारी तो कुणाचाच नसतो.
तेव्हा मी जाते.

पहिल्या दिवशी नुसती लटकले.
अकरा सेकंद.
बोटं सुटली, एक चप्पल आधीच गळून पडली होती,
आणि तिसऱ्या मजल्यावरून अरुस्याक म्हणाली,
वार्सेनिक, वाळत घातलंयस का स्वतःला?

एकतीस वर्षं मी क्रेन चालवली.
काचेच्या एवढ्याशा खोलीत, चाळीस मीटर वर,
दोन बोटांनी दांडी मागे ओढली
की पाच टन काँक्रीट
दुधावरची साय निघावी तसं निघायचं.
स्वतःचे बहात्तर किलो मात्र
कधी उचलून पाहिले नाहीत.
ते भुईने वाहिले, खुर्चीने वाहिले,
लिफ्ट बंद असली की गुडघ्यांनी
कुरकुरत वाहिले.

मार्चमध्ये न्हाणीत घसरले.
मोडलं काहीच नाही.
फक्त उठता येईना.
नळ ठिबकत होता, मी पाऊण तास छत बघत होते.
मुलगी फोनवर म्हणाली, क्रास्नोदारला ये, आई,
इथे मी आहे उचलायला.
तेव्हाच ठरवलं.

झिरायर पंधरा वर्षांचा, ओठावर नुकती लव.
एके दुपारी शाळा बुडवून आला आणि मला पाहून थांबला.
हसला नाही. हे त्याचं मी लक्षात ठेवलंय.
म्हणाला, मावशी, वर जायचा हट्ट सोडा.
या खोक्यावर चढा, हनुवटी दांड्यावर आणा,
पाय सोडा,
आणि खाली या. हळू.
ताकद खाली येतानाच भरते.

हे मला शिकवतोय!
वर नेणं यंत्र करतं, पोरा.
क्रेनवाल्याचा कस उतरवताना लागतो.

त्या डिसेंबरात, भुई हलली त्यानंतर,
मधूनच कुणीतरी हात वर करायचं
आणि गावातली सगळी इंजिनं बंद व्हायची.
खाली माणसं दगडांना कान लावून बसायची.
माझ्या आकड्याला जिन्याचा अख्खा तुकडा टांगलेला,
वाऱ्याने किंचित फिरणारा.
पाच मिनिटं. कधी दहा.
मग तो खाली न्यायचा,
ताटात अंडं ठेवावं तसा,
कारण खाली कोण आहे
ते कुणालाच माहीत नसायचं.
काय काय उचललं ते आठवत नाही.
ठेवलेलं सगळं आठवतं.

तीन, मोजतो झिरायर. चार.
मावशी, श्वास घ्या.

उन्हाळाभर असंच चाललं.
कॉफीला उकळी येईपर्यंत
ओट्याच्या कडेवर हात टेकून वाकायचं, उठायचं.
कॉफी दोनदा उतू गेली.
खुर्चीवर बसताना हात टेकायचे नाहीत.
पाव आणायला जिन्याने.
तळहातावर चार घट्टे आले,
जुनीच माणसं परत राहायला आल्यासारखे;
पूर्वी ते फक्त उजव्या हाताला असायचे.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला.
दांडा इतका गार की चामडी चिकटेल,
म्हणून नवऱ्याचे जुने लोकरी मोजे हातांवर चढवले,
आणि खोकं पायाने बाजूला सारलं.
आधी काहीच झालं नाही.
मग कोपरं वाकली.
भिंतीपलीकडचं दिसू लागलं:
गराजचा पत्रा, त्यावर झोपलेलं मांजर,
कुणीतरी विसरलेली टोमॅटोची रिकामी पेटी.
दांडा नाकाशी आला
आणि तिथेच राहिला.

हनुवटी वर गेली नाही, झिरायर म्हणाला,
हा धरत नाहीत.
मी धरला, वरून अरुस्याक ओरडली,
आणि खिडकी लावून घेतली,
थंडी आत येते म्हणून.

मग मी खाली आले.
नऊ सेकंद घेतले.
खाली कुणी नव्हतं.
तरी.